कृत्तिकांचा अस्त आणि पहिलें हिम

(१)

जुन्या कागदांत हवापाण्याविषयीं जो मजकूर येतो, त्यावरून संशोधकाची दृष्टि बहुधा ओझरतीच जाते. मिति, वार, शिक्का, मोर्तब, हस्ताक्षर यांची आपण कसून छाननी करितों. परंतु पाऊस फार झाला, नदीस उतार मिळेना, थंडीनें माणसें हैराण झालीं, अशा वाक्यांस लेखकाचें नेहमींचें रडगाणें समजून पुढच्या राजकारणाकडे वळतों. हीं वाक्यें पुष्कळदां नुसतीं सांकेतिक असतात, हें खरें. परंतु कांहीं वेळां त्यांत असा बारकावा सांपडतो कीं, तो घरीं बसून कल्पनेनें रचतां येत नाहीं. ज्यानें तो प्रसंग भोगला किंवा भोगणाऱ्याच्या तोंडून ऐकला, त्यासच तो ठाऊक असावयाचा. अशा बारकाव्याची पारख करतां आली, तर अस्सल साधन आणि बखर यांतील अंतर मोजण्याचें एक नवें मान आपल्या हातीं येतें.

प्रस्तुत लेखांत अशा एका मजकुराचा विचार करावयाचा आहे. हा मजकूर आपल्या देशांतील नाहीं. सुमारें बावीसशें वर्षांपूर्वीं आल्प्स पर्वतांत पडलेल्या पहिल्या हिमाविषयींचा तो आहे. परंतु त्यांतील इशारा दसरा-दिवाळीच्या सुमारास हिमालयाकडे निघणाऱ्या आपल्याकडील प्रवाशास आजहि जसाच्या तसा लागू पडतो. म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(२)

इसवी सनापूर्वीं २१८ या वर्षीं कार्थेजचा सेनापति हॅनिबल हा स्पेनमधून निघाला आणि ऱ्होन नदी उतरून, आल्प्स ओलांडून, इटलींत दाखल झाला. ह्या मोहिमेचें सविस्तर वर्णन करणारे दोन ग्रंथकार आपणांस उपलब्ध आहेत. पहिला ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस. हा इ. स. पू. १६७ नंतर ओलीस म्हणून रोमांत राहिला. त्यानें मोहिमेंत असलेल्या माणसांना स्वतः प्रश्न विचारले आणि प्रदेश डोळ्यांनीं पाहावा म्हणून आल्प्सचा प्रवासहि केला, असें तोच सांगतो. इटलीच्या दक्षिण टोंकाजवळ लॅसिनिअम येथें हॅनिबलनें स्वतः कोरविलेला ब्राँझचा लेख होता. तोहि त्यानें वाचला होता. आल्प्स उतरल्यावर हॅनिबलजवळ वीस हजार पायदळ व सहा हजार घोडदळ उरलें होतें, हा आंकडा पॉलिबिअसनें ह्याच लेखांतून घेतला आहे. ऱ्होन उतरतेवेळीं तेंच सैन्य अडतीस हजार पायदळ व आठ हजारांहून अधिक घोडदळ एवढें होतें. ह्या घटीस डोंगरी टोळ्यांचे हल्ले, उपासमार व थंडी हींहि कारणें होतींच. परंतु हिमानें त्यांत मोठा वांटा उचलला, याविषयीं शंका नाहीं.

दुसरा ग्रंथकार रोमन इतिहासकार लिव्ही. हा ऑगस्टसच्या कारकीर्दींत, म्हणजे प्रसंगानंतर सुमारें दोनशें वर्षांनीं लिहीत होता. तो डोंगर चढून गेला नव्हता. पूर्वींच्या लेखकांच्या आधारें त्यानें आपला ग्रंथ रचिला. आपल्याकडील परिभाषेंत बोलावयाचें तर पॉलिबिअस हा अस्सल कागदपत्र व साक्षी जमवून लिहिणारा, आणि लिव्ही हा रसाळ बखरकार. दोघांचेहि उपयोग आहेत. पण कोणता शब्द कोणाचा, हें ओळखलें पाहिजे.

(३)

पॉलिबिअसच्या म्हणण्याप्रमाणें नवव्या दिवशीं सैन्य घाटमाथ्यावर पोंचलें व तेथें दोन दिवस तळ देऊन राहिलें. कृत्तिकांचा अस्त जवळ आला असल्यामुळें माथ्यावर हिम सांठूं लागलें होतें. लोकांचा धीर सुटलेला पाहून हॅनिबलनें त्यांना तेथून इटलीचा मैदानी मुलूख दाखविला. दुसऱ्या दिवशीं उतरण सुरू झाली. वाट अरुंद, उतार तीव्र, आणि हिमानें सर्व झांकून गेल्यामुळें पाऊल कोठें पडतें हें कळेना. जो वाटेबाहेर पाय टाकी तो खालीं जाई. पुढें अशी जागा आली कीं, जेथें कडा ढासळून सुमारें दीड स्टेडिया, म्हणजे जवळजवळ नऊशें फूट, वाट तुटलेली होती. तेव्हां हॅनिबलनें वळसा घालून जाण्याचा बेत केला. परंतु नव्या हिमानें तो बेत सोडावा लागला.

येथें पॉलिबिअस थांबतो आणि ही परिस्थिति विलक्षण व नेहमींपेक्षां वेगळी होती, असें बजावून तिचें कारण सांगतो. गेल्या हिवाळ्यांतील जुनें हिम वितळल्यावांचून तसेंच राहिलें होतें, आणि त्यावर नुकतेंच नवें पडलें होतें. नवें हिम मऊ व उथळ, म्हणून पाय त्यांत सहज शिरे. पण तें तुडवून पाय खालच्या गोठलेल्या थरावर टेकला, कीं तो आंत शिरत नसे. वर चिखल व खालीं घट्ट जमीन असावी तसे दोन्ही पाय एकदम निसटत. पडलेला माणूस हाताच्या व गुडघ्याच्या आधारानें उठूं पाही, तों त्या आधारासकट आणखी खालीं घसरे. जनावरांची गति याहून निराळी झाली. तीं उठण्यासाठीं धडपडत तेव्हां त्यांच्या पायांनीं खालचा थरहि फुटे, आणि तीं ओझ्यासह त्यांत रुतून, जणूं गोठूनच बसत.

शेवटीं हॅनिबलनें कण्यावरील हिम काढून तेथें तळ दिला आणि कड्याच्या अंगानें वाट बांधविली. घोडे व ओझ्याचीं जनावरें जातील एवढी वाट एका दिवसांत झाली. हत्तींसाठीं मात्र तीन दिवस खपावें लागलें. चारा नसल्यामुळें हत्ती तोंवर अगदीं खंगून गेले होते.

(४)

ह्या वर्णनांत हिमस्खलनाचें, म्हणजे डोंगरउतारावरील हिमाचा पट सुटून खालीं येण्याचें, नांव नाहीं. परंतु हिमस्खलन ज्या रचनेंतून उद्भवतें, ती रचना येथें शब्दशः सांगितली आहे. खालीं जुना, कठीण, गुळगुळीत थर. वर नवा, मऊ, खालच्याशीं न जुळलेला थर. माणसाचा पाय ज्या पृष्ठावरून घसरतो, त्याच पृष्ठावरून पुरेसा भार झाल्यास सबंध उतारावरील हिमहि घसरतें.

आधुनिक हिमशास्त्राचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. पर्वतावरील हिम हा एकजिनसी ढीग नसून थरांवर थर रचलेली चळत असते. प्रत्येक थरांत तो पडला त्या दिवसाची थंडी, वारा व ऊन यांची निशाणी उरते. स्वित्झर्लंडांत डाव्होसच्या वर १९३६ पासून ह्या थरांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. आपल्या देशांत १९६९ मध्यें मनाली येथें याच कामासाठीं संस्था स्थापन झाली. हिवाळ्याच्या आरंभीं हिमाचा थर पातळ असतो. त्याच्या तळाशीं जमिनीची ऊब असते व वरून कडाक्याची थंडी पडते. ही तफावत थोड्याशा जाडींत सांठल्यामुळें तळची वाफ वर चढूं लागते, आणि तिच्या योगानें हिमाचे कण बदलून जाड रव्याच्या साखरेसारखे सुटे, कोरडे व एकमेकांस न चिकटणारे होतात. जाड थरांत ही तफावत विभागली जाते, म्हणून तेथें असे कण इतके बनत नाहींत. पुढें ह्या ठिसूळ पायावर नवें हिम पडलें, किंवा वाऱ्यानें दुसऱ्या अंगाचें हिम आणून टाकलें, म्हणजे वरचा थर पत्र्यासारखा घट्ट होऊन खालच्या रव्यावर नुसता टेकलेला राहतो. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, कीं एका माणसाच्या पावलाचा भारहि त्यास पुरतो. प्रवासी दगावतात तीं हिमस्खलनें बहुतेक वेळां त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या भारानेंच सुटलेलीं असतात.

यावरून पहिलें हिम थोडें म्हणून कमी धोक्याचें, ही समजूत किती चुकीची आहे तें ध्यानांत येईल. थोडेपणा हेंच त्याच्या दुबळेपणाचें कारण होय. शिवाय तें खडक, भेगा व जुना बर्फ झांकण्यास पुरेसें आणि भार पेलण्यास अपुरें असतें. हॅनिबलच्या जनावरांनीं खालचा थर फोडला व माणसांनीं फोडला नाहीं, हा पॉलिबिअसचा तपशील तर विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. माणसाचा भार पेलणारी खपली ओझें लादलेल्या जनावराच्या खुराखालीं फुटते. आपल्यापुढें एक माणूस सुखरूप गेला म्हणून वाट निर्धास्त झाली असें होत नाहीं, हें यांतून उघड होतें.

(५)

आतां लिव्हीकडे वळूं. जुन्या हिमावर नवें पडलें, कृत्तिका मावळत होत्या, जनावरांचे खुर सांपळ्यांत सांपडावे तसे अडकले, हें सर्व त्याच्याकडेहि आहे. परंतु पॉलिबिअसनें वाटेची लांबी म्हणून जें माप दिलें, त्याच्या ठिकाणीं लिव्हीच्या ग्रंथांत हजार फूट खोल कडा उभा राहतो. शिवाय खडक मोठमोठीं लांकडें जाळून तापविला व त्यावर आंबलेली दारू ओतून फोडला, ही प्रसिद्ध गोष्ट लिव्हीनें सांगितली आहे. पॉलिबिअसच्या ग्रंथांत तिचा मागमूस नाहीं. तापलेला दगड एकदम थंड केल्यास तडकतो, तेव्हां गोष्ट सर्वस्वीं अशक्य आहे असें नव्हे. परंतु लांबीची खोली होणें व युक्तीची कथा जोडली जाणें, हा बखरीचा स्वभाव आपल्या परिचयाचा आहे. थरांच्या तपशिलास मात्र लिव्हीनें फारसा धक्का लावला नाहीं. ती खूण मूळ साक्षीदाराची होती, आणि ती दोनशें वर्षें टिकून राहिली.

हॅनिबल कोणत्या घाटानें उतरला, हा वाद पुष्कळ दिवसांचा आहे. क्लॅपिए, मों सेनी, धाकटा सेंट बर्नार्ड, ट्रॅव्हर्सेट अशीं अनेक नांवें पुढें आलीं. ह्या वादांतहि जुन्या हिमाचें हेंच वाक्य पुराव्यास येतें. कारण उन्हाळा संपेपर्यंत मागच्या वर्षाचें हिम टिकावयाचें तर घाट पुरेसा उंच व उतरण सावलीची असली पाहिजे. ट्रॅव्हर्सेटचा घाट सुमारें २,९५० मीटर उंच असल्यामुळें त्याच्या पक्षपात्यांनीं ह्या मुद्द्यावर भर दिला. तो वाद आम्ही येथें सोडवूं पाहत नाहीं. हवापाण्याचें एक वाक्य भूगोलाच्या निर्णयांत किती भार उचलूं शकतें, एवढेंच दाखवावयाचें आहे.

हिमस्खलनाचें स्पष्ट वर्णन हवें असेल, तर तें ऑगस्टसच्याच काळांतील भूगोलकार स्ट्रेबो याजकडे मिळतें. आल्प्सच्या वाटांविषयीं लिहितांना तो म्हणतो कीं, वरून गोठलेल्या हिमाचे प्रचंड थर सुटतात व सबंध तांडा अडवून किंवा दरींत लोटून देतात. हिम हिमावर गोठत गेल्यानें एकावर एक अनेक थर बसतात, आणि उन्हानें पुरते वितळण्यापूर्वींच वरचे थर खालच्यांपासून सहज सुटतात, असें कारणहि तो देतो. दोन हजार वर्षांपूर्वींच्या ह्या वाक्यांत आणि आजच्या हिमशास्त्राच्या मूलतत्त्वांत फारसें अंतर नाहीं.

आर्मेनियाच्या घाटांविषयीं स्ट्रेबोनें दिलेली माहिती तर अधिकच मोलाची आहे. तेथें मोठ्या हिमवादळांत तांडेच्या तांडे गाडले जात; म्हणून प्रवासी जवळ काठ्या बाळगीत. गाडला गेलेला मनुष्य काठी वर सारून हिमास भोंक पाडी. त्यांतून त्यास वारा मिळे, आणि वाटेनें येणाऱ्यांस खूण पटून ते त्यास खणून काढीत. आज पर्वतांत जाणारे लोक हिमांत खुपसून माणूस शोधण्याची लांब सळई, फावडें व अंगावर संदेशयंत्र बाळगतात. गाडलेल्याच्या जीविताची आशा पहिल्या सुमारें पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानें कमी होते, म्हणून ही साधनें सोबत्यांजवळच असावीं लागतात. आर्मेनियाच्या तांडेवाल्यांसहि मदत बाहेरून येण्याची वाट पाहणें परवडत नव्हतें; त्यांची काठी हीच आजच्या सळईची पूर्वज होय.

(६)

हिमवर्णनाची ही कसोटी दुसऱ्या एका अस्सल ग्रंथास लावून पाहूं. बाबरानें आपलें आत्मवृत्त तुर्की भाषेंत लिहिलें. १५८९ मध्यें अब्दुर्रहीम खानखानान यानें त्याचा फारसी तर्जुमा अकबरास सादर केला. १५०६ च्या डिसेंबरांत बाबर हेरातहून काबूलकडे निघाला. कंदाहारावरून जाणारी वाट लांबची पण सुखाची होती. कासीम बेगाच्या आग्रहानें डोंगराची वाट धरली गेली. वाटाड्यास रस्ता सांपडेना. हिम इतकें कीं, घोड्यांचे पाय जमिनीस लागत नव्हते. दहापंधरा माणसें पाळीपाळीनें पुढें होऊन, कमरेइतक्या किंवा छातीइतक्या हिमांत रुतत, तें तुडवीत. एक थकला कीं दुसरा पुढें येई. तुडविलेल्या वाटेवरून मग रिकामा घोडा ओढीत, आणि तोहि दहापंधरा पावलांत थकून जाई. अशा रीतीनें सुमारें एक आठवडा दिवसाकाठीं कोसदीड कोस मजल झाली. पुढें एका गुहेजवळ रात्र काढण्याची वेळ आली, तेव्हां माणसें बाहेर हिमांत असतां आपण आंत जाणें बाबरास प्रशस्त वाटलें नाहीं, व तो बाहेरच हिमांत खळगा करून बसला.

येथें मुख्य त्रास रुतण्याचा आहे, घसरण्याचा नाहीं. कारण त्या वाटेवर मागच्या वर्षाचा थर नसून त्याच मोसमांतील ताजें हिम सांचलें होतें. म्हणजे दोन हिमें निराळीं, आणि दोन वर्णनेंहि निराळीं. कल्पनेनें लिहिणारा मनुष्य सर्व हिमांस पांढरें, थंड व खोल एवढीं तीनच विशेषणें लावतो. तें पायाखालीं कसें वागलें, हें अनुभवी मनुष्यच लिहितो. पॉलिबिअसचे साक्षीदार आणि बाबर हे दोघेहि ह्या कसोटीस उतरतात.

(७)

लिहिलेला इशारा वेळेवर वाचला न गेल्यास काय होतें, याचें उदाहरण पहिल्या महायुद्धांत सांपडतें. १३ डिसेंबर १९१६ रोजीं पहांटे आल्प्समधील मार्मोलाडा डोंगरावर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांच्या बराकींवर हिम कोसळलें व सुमारें पावणेतीनशें माणसें गाडलीं गेलीं. ती जागा शत्रूच्या तोफांपासून सुरक्षित म्हणून निवडलेली होती. मोसमाच्या आरंभींच अतोनात हिम पडलें आणि मागाहून हवा उबदार झाली. तळ हलवूं द्यावा, अशी तेथील अधिकाऱ्यानें वरिष्ठांकडे लेखी विनंती केली होती, ती मान्य झाली नव्हती. ह्या अनर्थास 'पांढरा शुक्रवार' असें नांव पडलें आहे. परंतु मिति-वार ताडून पाहण्याची संवय असलेल्या आमच्या वाचकांस सांगितलें पाहिजे कीं, त्या तारखेस बुधवार होता. लोकांच्या स्मरणांत वार चुकला, नांव रूढ झालें. माणसें गेलीं हें मात्र खरें.

(८)

आतां कृत्तिकांकडे परत येऊं. ग्रीक लोक कृत्तिकांच्या पहांटेच्या अस्तावरून हिवाळ्याचा आरंभ ओळखीत. त्यानंतर खलाशी आपलीं गलबतें किनाऱ्यावर ओढून ठेवीत. पॉलिबिअसनें महिना न देतां हा अस्त दिला, यांत आपणांस नवल वाटण्याचें कारण नाहीं. मराठेशाहीच्या दफ्तरांतील शुहूर सन सूर्य मृगनक्षत्रीं जातांच बदले, म्हणून त्यास मृगसाल म्हणत. नक्षत्रावरून काळ मोजण्याची पद्धत आपल्या हाडींमाशीं खिळलेली आहे. मात्र एक सावधगिरी हवी. अयनचलनामुळें बावीसशें वर्षांत नक्षत्रें ऋतूंच्या मानानें सुमारें एक महिना पुढें सरकलीं आहेत. हॅनिबलच्या काळीं कृत्तिकांचा हा अस्त नोव्हेंबरच्या आरंभीं दिसे, आज तो त्याहून उशिरां दिसतो. शिवाय पॉलिबिअस अस्त झाला असें न म्हणतां अस्त जवळ आला असें म्हणतो, म्हणून नेमक्या दिवसाविषयीं विद्वानांत मतभेद आहे.

ज्या कृत्तिकांवरून ग्रीकांचा हिवाळा लागे, त्यांच्याच नांवाचा आपला कार्तिक मास. आणि हिमालयांतील तीर्थांचे दरवाजे बंद होण्याचा काळहि तोच आहे. गंगोत्रीचें देऊळ कार्तिक शुद्ध प्रतिपदेस बंद होतें. केदारनाथ व यमुनोत्री येथील दरवाजे यमद्वितीयेस, म्हणजे आपल्या भाऊबीजेस, बंद होतात, आणि केदारनाथाची उत्सवमूर्ति उखीमठास उतरते. शुक्लपक्षांत अमान्त व पूर्णिमान्त मानांचा भेद पडत नसल्यामुळें ह्या तिथी दोन्हीकडे एकच आहेत. बदरीनाथ बंद करण्याचा मुहूर्त विजयादशमीस जाहीर होतो. आम्हांस ही केवळ देवळांची रूढि वाटत नाहीं. ११,७०० फुटांहून उंच असलेल्या केदारपुरींत पहिलें हिम केव्हां येतें आणि आल्यावर वाटा किती फसव्या होतात, ह्या शतकानुशतकांच्या अनुभवास तिथीचें रूप दिलेलें आहे. भाऊबीज पुढेंमागें होते, तरी ती ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य याच पट्ट्यांत पडते.

येथें दक्षिणेंतील माणसाची एक जन्मजात चूक होण्याचा संभव आहे. आपल्याकडे दसरा हा सीमोल्लंघनाचा दिवस. पाऊस सरला, नद्यांस उतार झाला, दाणावैरण घरीं आली, म्हणजे मराठ्यांच्या फौजा बाहेर पडत. निरभ्र आकाश व कोरडी वाट हें आपल्या अश्विन-कार्तिकाचें चित्र. तें चित्र मनांत ठेवून जो हिमालयांत जातो, त्यास हें माहीत नसतें कीं, ज्या दसऱ्यास आपण सोनें लुटून मोहिमेस निघतों, त्याच दसऱ्यास बदरीनाथास वाट बंद करण्याचा मुहूर्त जाहीर होत असतो. आपल्या मोसमाचा आरंभ हा तिकडील मोसमाचा शेवट होय.

(९)

ही गोष्ट केवळ पांडित्याची नाहीं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं, म्हणजे अश्विन शुद्ध नवमीस, खंडेनवमीच्या दिवशीं, उत्तरकाशी भागांत द्रौपदी का डांडा शिखरावर चढणाऱ्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन झालें व २९ जण त्यांत बळी पडले. दुसऱ्या दिवशीं आपल्याकडे दसरा होता. त्यापूर्वीं २०१४ सालीं हुदहुद नांवाचें वादळ १२ ऑक्टोबरास विशाखापट्टणम्‌जवळ किनाऱ्यास लागलें, आणि त्याचें पाणी घेऊन गेलेले ढग १४ तारखेस नेपाळांत अन्नपूर्णेच्या परिसरांत हिम होऊन कोसळले. दसरा होऊन अकरावा दिवस होता. थोरोंग घाटाच्या वाटेवर व आसपास चाळिसांहून अधिक माणसें वादळ व हिमस्खलनें यांत मेलीं. बंगालच्या उपसागरांतील वादळ समुद्रसपाटीवर पाऊस पाडतें, तेंच पंधरा हजार फुटांवर पहिलें हिम टाकतें; म्हणून ह्या दिवसांत समुद्राची बातमी डोंगरांतील माणसानेंहि ऐकली पाहिजे.

जुन्या साधनांचा व नव्या शास्त्राचा मेळ घालून प्रवाशास सांगण्याजोगें तें थोडेंच आहे. नवें हिम पडल्यावर निदान एकदोन दिवस उघड्या तीव्र उतारावर जाऊं नये. सावलीच्या अंगास मागचें हिम उरलें आहे काय, हें आधीं पाहावें. जेथें वर मऊ व खालीं कठीण लागतें, किंवा पायाखालीं पोकळ धप्प असा आवाज होतो, तेथून मागें फिरावें. ओलांडणें भागच पडलें तर एकेकानें जावें व बाकीच्यांनीं नजर ठेवावी. आणि स्थानिक मनुष्य वाट बंद झाली म्हणतो, तेव्हां तो अनेक पिढ्यांची वही वाचून दाखवीत आहे, असें समजावें. हॅनिबलजवळ वाटाडे होते; परंतु त्यास थांबण्याची सोय नव्हती. सहलीस जाणाऱ्या माणसास ती सोय असते.

संग्राहकांस शेवटीं एक विनंती. केदार-बदरीची यात्रा दक्षिणेंतून पूर्वापार चालत आली आहे. अहिल्याबाई होळकरांचा दानधर्म तेथपर्यंत पोंचला होता, आणि तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्याकडील घराण्यांचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेलीं आहेत. अशा यात्रेचे कागद, खर्चाच्या यादी किंवा घरीं धाडलेलीं पत्रें ज्यांच्या रुमालांत असतील, त्यांनीं तीं वाचतांना हिमाचा उल्लेख गाळूं नये. कोणत्या तिथीस हिम आलें, तें मऊ होतें कीं कठीण, माणूस रुतला कीं घसरला, वाट कोणी व केव्हां बंद केली, एवढें टिपून ठेवावें. त्या एका ओळीवरून लेखक तेथें खरोखर होता कीं नाहीं हें कळेल. आणि कदाचित् पुढच्या एखाद्या प्रवाशाचा जीवहि वांचेल. इत्यलम्.